बीएमडब्ल्यू ई४६ ३३०सीआय: कूलंट पुन्हा पुन्हा कमी होतंय, काटा मात्र मधोमध

तक्रार बहुतेक वेळा याच चालीने येते. सकाळी गाडी सुरू केली की कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी आणि रसायनाचं मिश्रण) कमी असल्याचा दिवा लागतो. अर्धा लिटर ओतलं की दिवा जातो, दोन-तीन आठवडे बरे जातात आणि पुन्हा तेच. गाडीखाली फरशी कोरडी, तापमानाचा काटा मधोमध खिळलेला. म्हणून ओतत राहण्याची सवय लागते, आणि एखाद्या दिवशी ट्रॅफिकमध्ये काटा एकदम लाल पट्ट्यात जातो.

इथे धरलेली गाडी म्हणजे बीएमडब्ल्यूची ई४६ पिढीतली दोन दारांची ३३०सीआय, २००० ते २००६ या काळातली. इंजिन एम५४बी३०: सरळ रांगेतले सहा सिलिंडर, २९७९ सीसी, २३१ अश्वशक्ती. याच पिढीतल्या ३२५सीआयलाही जवळजवळ सगळं लागू पडतं. जर्मनी, इंग्लंड किंवा अमेरिकेत नोकरीला असलेल्या मराठी मंडळींना ही गाडी जुन्या बाजारात परवडते, आणि रोज ऑफिसला न्यायलाही ती चांगली आहे. इंजिन दणकट आहे. त्याच्याभोवतीचं प्लास्टिक मात्र वीस वर्षांचं झालं आहे, आणि कूलिंगमध्ये प्लास्टिक भरपूर आहे: एक्स्पान्शन टँक (कूलंट भरायची टाकी), रेडिएटरच्या दोन्ही बाजू, थर्मोस्टॅटचं (तापमानानुसार पाण्याची वाट उघडणाऱ्या झडपेचं) घर, होजची (रबरी नळ्यांची) टोकं, हवा काढायचा स्क्रू, इनटेक मॅनिफोल्डखालचे (इंजिनात हवा नेणाऱ्या भागाखालचे) दोन पाइप.

आधी काट्याबद्दल

या गाडीचा काटा खरं तापमान दाखवत नाही. चालकाने उगाच घाबरू नये म्हणून तो मुद्दाम मधोमध धरून ठेवलेला आहे. साधारण ७५ अंशांपासून ११५ अंशांपर्यंत तो हलत नाही. म्हणजे थर्मोस्टॅट उघडा अडकून इंजिन थंड चालत असेल तरी काटा मध्यावर, आणि पंप दमून पाणी ११० ला गेलं असेल तरी मध्यावरच. तो मध्य सोडून उजवीकडे निघाला की गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करायचं. पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत जाऊ, असा विचारही करायचा नाही.

खरा आकडा पाहण्याचे दोन मार्ग आहेत. ओबीडी सॉकेटला (गाडीतल्या निदानाच्या जोडणीला) लावायचा साधा ब्लूटूथ रीडर आणि फोन, हा सोपा. दुसरा मार्ग गाडीतच आहे. मीटरच्या डाव्या बाजूचं बटण दाबून धरून किल्ली पहिल्या टप्प्यावर फिरवा आणि चाचणीची यादी येईपर्यंत बटण सोडू नका. बटण दाबत १९ क्रमांकावर जा. तिथे कुलूप चालू-बंद असं आलटून पालटून दिसतं, 'बंद' दिसताच बटण दाबा. मग ७ क्रमांकावर ७.० मध्ये कूलंटचं तापमान मिळतं.

निरोगी एम५४ सपाट रस्त्यावर, सावकाश चालीत ९५ ते ९९ च्या आसपास असतं. जोरात पळवलं की ते उतरतं. हे उलटं वाटेल, पण थर्मोस्टॅटमध्ये विजेवर तापणारा घटक आहे. एरवी तो थर्मोस्टॅट ९७ अंशांना उघडतो. भार वाढला की इंजिनाचा संगणक त्या घटकाला करंट देऊन तो लवकर उघडायला लावतो. त्यामुळे चढावर ८५-९० दिसलं तर तो बिघाड समजू नका.

गळती असून फरशी कोरडी का

इंजिनाखाली प्लास्टिकचा मोठा पत्रा आहे. थोडी गळती त्यावरच साचते आणि चालत्या गाडीच्या वाऱ्याने, उष्णतेने सुकून जाते. दुसरं कारण दाबाचं. एक्स्पान्शन टँकचं मूळ झाकण २ बारचं असतं, त्यावर २०० हा आकडा छापलेला असतो. टाकीच्या सांध्यातली केसाएवढी चीर थंड असताना मिटलेली असते. पाणी तापून दाब चढला की ती उघडते, थोडी फवारणी होते, आणि थंड झाल्यावर पुन्हा मिटते. गाडी उभी केल्यावर पहिली १०-२० मिनिटं सर्वात महत्त्वाची. पंप थांबलेला असतो, इंजिनाची उष्णता पाण्यात उतरत राहते आणि दाब चढाच असतो. त्या वेळात टॉर्च घेऊन पाहणाऱ्याला जे सापडतं, ते सकाळी थंड इंजिनाभोवती फिरणाऱ्याला सापडत नाही.

पण तेही करण्याआधी एक शंका मिटवा: गळती खरंच आहे का? टाकी गळ्यापर्यंत भरणारे बरेच असतात. जास्तीचं पाणी तापल्यावर झाकणाखालून बाहेर फेकलं जातं, आणि मग 'अर्धा लिटर गेलं' अशी नोंद होते. झाकणाखाली लाल किंवा पिवळ्या टोकाची तरंगती काडी असते. पातळी त्या काडीवरच्या खुणांवरून आणि फक्त थंड इंजिनावर पाहायची. काडी 'कमाल' खुणेच्या वर गेली तर ओतणं थांबवायचं. टाकीच्या तळाशी असलेला सेन्सर बिघडूनही दिवा लागतो. काडी जागेवर असून दिवा लागत असेल तर सेन्सर पाहा, कूलंट ओतू नका.

पातळी खरोखर उतरत असेल तर खालचा पत्रा काढा आणि पांढरट-निळसर, चुन्यासारखा सुकलेला थर शोधा. कूलंट सुकतं तिथे हा थर मागे राहतो. शोधायच्या जागा, जिथे जास्त सापडतं तिथपासून:

- एक्स्पान्शन टँक, त्यातही रेडिएटरकडे तोंड केलेली बाजू आणि खालचा सांधा. समोरून पाहिलं तर तिथलं काहीच दिसत नाही. छोटा आरसा लागतो.
- झाकण आणि शेजारचा हवा काढायचा स्क्रू. झाकणाच्या आतलं रबर सपाट, कडक झालं असेल तर ते बदला.
- रेडिएटरची वरची नळी. होज अलगद हलवून पाहा. प्लास्टिक तपकिरी, ठिसूळ दिसलं तर ते कधीही हातात येईल.
- खालच्या होजमधला तापमानाचा सेन्सर. याची ओ-रिंग (गोल रबरी सील) कडक होते आणि पाणी थेट खालच्या पत्र्यावर पडतं.
- वॉटर पंपाची पुली आणि तिच्यामागचं छोटं छिद्र. तिथे डाग असेल तर पंपाचं सील गेलं. पुली हाताने खालीवर हलत असेल तर बेअरिंगही गेलं.
- थर्मोस्टॅटच्या घराची कड.

इतकं पाहून काही सापडलं नाही तर दाबाची चाचणी. टाकीच्या तोंडाला बसणारा हातपंप कित्येक ठिकाणी भाड्याने मिळतो. थंड इंजिनावर १.५ बार दाब द्या आणि दोन मिनिटं थांबा. हातपंपाचा काटा ०.१ बारपेक्षा जास्त उतरला तर गळती आहे. काटा उतरतोय आणि बाहेर थेंब नाही, अशी वेळ आली तर इनटेक मॅनिफोल्डखालचे दोन कडक पाइप संशयित. ते फक्त ओ-रिंगवर ब्लॉकमध्ये दाबून बसवलेले असतात. तिथून निघालेलं पाणी ब्लॉकच्या बाजूने मागे सरकतं आणि गिअरबॉक्सच्या तोंडाशी टपकतं. त्यामुळे तो गिअरबॉक्सचा दोष समजून बराच वेळ वाया जातो. काचेवर आतून चिकट धुकं आणि केबिनमध्ये गोडसर वास असेल तर हीटर कोअर (केबिन गरम करणारा छोटा रेडिएटर) किंवा त्याच्या जोडाच्या ओ-रिंगा पाहा.

तापमान कधी चढतं?

पातळी ठीक असून आकडा चढत असेल तर तो कधी चढतो यावरून निम्मं निदान होतं.

सिग्नलला उभं असताना चढतो आणि गाडी चालू लागली की उतरतो, म्हणजे हवा कमी पडतेय. इथे गिअरबॉक्स कोणता, हे महत्त्वाचं. मॅन्युअल गाडीत इंजिनावर व्हिस्कस क्लचचा (आतल्या दाट द्रवाने पंख्याला इंजिनाशी जोडणाऱ्या भागाचा) यांत्रिक पंखा आणि रेडिएटरपुढे जादा विजेचा पंखा असतो. ऑटोमॅटिकमध्ये रेडिएटरमागे मोठा विजेचा पंखा, यांत्रिक पंखा नाही. एसी चालू करा, विजेचा पंखा थोड्याच वेळात फिरायला हवा. नसेल तर फ्यूज, प्लग, मग पंख्याची मोटर आणि तिचा कंट्रोल. व्हिस्कस पंखा इंजिन बंद करून, गरम असतानाच हाताने फिरवा. एक-दीड फेऱ्याहून जास्त मोकळा फिरला तर क्लच संपला. त्याच वेळी पात्यांच्या मुळाशी चीर आहे का ते पाहा. जुना प्लास्टिकचा पंखा वेगात फुटला की रेडिएटर, होज आणि बॉनेट एकदमच जातात.

उलट, ऑटोबानवर वेगात चढतो आणि हळू चालवल्यावर उतरतो, म्हणजे पाणी फिरत नाही. पंपाचं चाक फिरत नसेल, रेडिएटर आतून चोंदला असेल किंवा थर्मोस्टॅट अर्धवट उघडत असेल. एसी कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधली फट पानं, धूळ, किड्यांनी भरलेली असणं हेही नेहमीचं. ती समोरून दिसत नाही, पंख्याचं आवरण काढून पाहावी लागते.

आकडा वर आणि हीटरमधून थंड हवा, ही तिसरी तऱ्हा. बहुतेक वेळा आत हवा अडकलेली असते किंवा पाणी फारच कमी असतं.

चौथी तऱ्हा हेड गॅस्केटची, म्हणजे इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधल्या सीलची. थंड इंजिन सुरू केल्यावर मिनिटभरात वरचा होज दगडासारखा होतो आणि टाकीत बुडबुडे थांबत नाहीत. टाकीच्या तोंडावर धरायचं निळ्या द्रवाचं टेस्टर वापरा. द्रव पिवळा झाला तर जळलेला वायू कूलंटमध्ये येतोय. अशा वेळी बाकीचे पार्ट बदलून काहीच साधत नाही.

आणि पाणी ७५-८० च्या वर जातच नसेल, हिवाळ्यात पेट्रोल जास्त लागत असेल, हीटर कोमट असेल, तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय. गाडी तापत नाही म्हणून लोक हा दोष वर्षानुवर्षं तसाच ठेवतात. संगणक इंजिन थंडच आहे असं समजून मिश्रण जाड, म्हणजे जास्त पेट्रोलचं, ठेवतो.

एकेक पार्ट बदलण्याचा तोटा

आज टाकी, सहा महिन्यांनी होज, वर्षभराने पंप, असं केलं की प्रत्येक वेळी नवं कूलंट, नवी मजुरी आणि टोइंगची भीती. त्यातच नवी टाकी घट्ट बसली की दाब पूर्ण चढतो आणि पुढचा अशक्त सांधा सुटतो. म्हणून एक जागा गळताना सापडली आणि बाकीचा इतिहास कागदावर नसेल, तर पुढचा संच एकाच वेळी बदलणं स्वस्त पडतं: टाकी आणि झाकण, रेडिएटर, वरचा-खालचा होज, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, खालच्या होजचा सेन्सर आणि त्याची ओ-रिंग, दोन्ही पट्टे, ते ताणून आणि मार्गावर धरणारे टेन्शनर आणि आयडलर पुली. नंतर दर १,००,००० किलोमीटरला हाच संच. मॅनिफोल्डखालचे पाइप यात घेऊ नका. मॅनिफोल्ड दुसऱ्या कामासाठी निघेल तेव्हा मात्र ते न बदलता मॅनिफोल्ड परत लावू नका.

रेडिएटर आणि टाकी बेहरची, थर्मोस्टॅट वाहलर किंवा बेहरचा, पट्टे कॉन्टिनेंटलचे, पुली आयएनएच्या, अशी निवड ठेवली तर डोकेदुखी कमी. पंपाचं चाक धातूचं की प्लास्टिकचं, यावर वाद कायम चालतो. जुनं प्लास्टिक तुटतं हे खरं. पण बेअरिंग गेलेल्या पंपात धातूचं चाक आतलं घर खरवडतं, हेही खरं. चांगल्या कंपनीचा पंप घेऊन वेळेवर बदलला तर दोन्ही चालतात. १४० छापलेलं झाकण १.४ बारचं असतं. जुन्या प्लास्टिकवरचा भार कमी म्हणून ते काही जण बसवतात. गळती झाकायला ते बसवत असाल तर मात्र फसाल.

काम

इंजिन पूर्ण थंड असू द्या, शक्यतो रात्रभर उभी राहिलेली गाडी. अर्धं कूलंट, अर्धं पाणी हे मिश्रण उघड्यावर १०७-१०८ अंशांना उकळतं. दाबाखाली ते त्याहून तापलेलं असूनही द्रवच असतं. गरम असताना झाकण उघडलं की ते क्षणात वाफ होऊन तोंडावर येतं.

रेडिएटरचा निचरा स्क्रू डावीकडे खाली असतो. पण तेवढ्याने निम्मंच पाणी निघतं. ब्लॉकचा निचरा बोल्ट एक्झॉस्टच्या बाजूला आहे, १३ चा पाना लागतो. परत लावताना नवीन वॉशर आणि २५ न्यूटन-मीटर. या गाडीत एकूण सुमारे ८.४ लिटर बसतं. निघालेलं मोजा, म्हणजे भरताना हवा किती अडकली याचा अंदाज येतो.

मॅन्युअल गाडीत पंख्याचा नट ३२ चा आणि उलट्या आट्यांचा आहे. समोर उभं राहून पाहिलं तर घड्याळाच्या दिशेने सुटतो. पंपाची पुली धरून ठेवायला अवजार लावा आणि पान्याला एक झटका द्या. पुलीचे बोल्ट पट्टा चढवलेला असतानाच सैल करा, नंतर पुली नुसती गोल फिरत राहते. पट्टे दोन आहेत. बाहेरचा एसीचा आधी, मग मुख्य. फिरण्याची दिशा आणि मार्ग यांचा फोटो काढून ठेवा.

पंप चार नटांवर आहे. नट काढले तरी तो हलत नाही. स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका, बसण्याची जागा ओरखडते. पंपाला दोन आटे पाडलेली छिद्रं दिलेली आहेत. त्यात दोन एम६ बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे घट्ट करत गेलं की पंप सरळ बाहेर येतो. नव्याची ओ-रिंग कूलंटने ओली करून बसवा. तेल किंवा ग्रीस नको. नट १० न्यूटन-मीटर. थर्मोस्टॅटचे चार बोल्टही १० न्यूटन-मीटर. त्यांची लांबी सारखी नसते, म्हणून पुठ्ठ्यावर आकृती काढून त्यात खोचून ठेवा. अॅल्युमिनियममध्ये एम६ बोल्ट अंदाजाने आवळला की आटे जातात. टॉर्क रेंच नसेल तर उसना आणा.

होजची टोकं तारेच्या क्लिपने बसतात. होज आत ढकलल्यावर टक् असा आवाज यायला हवा, मग ओढून पाहा. वरून बसल्यासारखा दिसणारा पण न अडकलेला होज पहिल्याच फेरीत सुटतो. ऑटोमॅटिकमध्ये टाकीच्या बैठकीला गिअर ऑइलचा थर्मोस्टॅट जोडलेला असतो. त्याच्या ओ-रिंगा याच वेळी बदला.

भरणं आणि हवा काढणं

कूलंट जी४८ प्रकारचं, निळं, आणि डिस्टिल्ड पाणी, निम्मं निम्मं. ते उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. नळाचं पाणी नको. म्युनिक आणि लंडन दोन्हीकडे पाणी जड आहे, क्षार रेडिएटरमध्ये बसतात. निव्वळ रंग जुळतो म्हणून कूलंट घेऊ नका, डब्यावर जी४८ लिहिलेलं पाहा.

नवीन पार्ट बसवूनही 'तापतेच आहे' अशी तक्रार आली, तर कारण बहुतेक याच टप्प्यात असतं. गाडीचं नाक थोडं उंच करा. किल्ली दुसऱ्या टप्प्यावर, इंजिन बंद. हीटर पूर्ण गरमवर, पंखा सर्वात कमी. यामुळे हीटरचा वाल्व उघडतो. हवा काढायचा स्क्रू उघडा आणि अगदी सावकाश ओता. स्क्रूच्या छिद्रातून आधी फुसफुस, मग बुडबुडे, मग सलग धार येते. धार सलग झाल्यावरच स्क्रू लावा, हलक्या हाताने. त्याच्या जागी पितळी स्क्रू लावायची फॅशन आहे. पितळ तुटत नाही, पण जास्त आवळलं तर टाकीचे आटे फाडतं. शंभर रुपयांच्या वस्तूऐवजी टाकी जाते.

झाकण लावून इंजिन सुरू करा, आकडा ९५ च्या आसपास येईपर्यंत लक्ष ठेवा. हीटरची हवा गरम आणि खालचा होज कोमट झाला की पाणी फिरतंय. रात्रभर थंड होऊ द्या, सकाळी काडी पाहून भर घाला. पहिल्या २००-३०० किलोमीटरमध्ये एक-दोनदा थोडं भरावं लागतं. नंतरही लागत राहिलं तर पुन्हा दाबाची चाचणी.

आधीच एकदा लाल पट्ट्यात गेली असेल तर

एम५४ चा ब्लॉक आणि हेड दोन्ही अॅल्युमिनियमचे. जास्त तापलं की हेड वाकतंच, शिवाय हेड बोल्टचे ब्लॉकमधले आटे, विशेषतः मागच्या बाजूचे, निघून येतात. मग नुसतं हेड घासून नवीन गॅस्केट टाकलं तर शेवटचा टॉर्क देताना बोल्ट फिरतच राहतो. अशा ब्लॉकमध्ये आट्यांचे धातूचे इन्सर्ट बसवावे लागतात, आणि ते हेड उतरवण्याच्या कामातच धरायचं. गॅरेजला आधीच विचारा की इन्सर्टचं काम ते करतात का. विकत घेण्याआधी गाडी तपासत असाल तर निळ्या द्रवाचं टेस्टर सोबत न्या. विकणाऱ्याने 'नुकताच रेडिएटर बदललाय' असं सांगितलं तर तो का बदलला, हे विचारा.

जुनं कूलंट गटारात ओतू नका. ते गोड लागतं आणि कुत्र्या-मांजरांना थोडंसंही मारक ठरतं. सांडलेलं लगेच पाण्याने धुवा, बाकीचं बंद डब्यात भरून घातक कचऱ्याच्या केंद्रावर द्या.